साहेबांसोबत सेल्फी, बाबूला कागदी कप

२०१८ च्या डिसेंबरात 'झुंड'च्या शूटिंगसाठी अमिताभ बच्चन नागपुरात आले, तेव्हा शहर वेडंच झालं होतं. गाडी जाईल त्या रस्त्यावर गर्दी. ज्यांना नुसती गाडीची काळी काच दिसली, तेही नंतर महिनाभर "आपण पाह्यलं ना बच्चनले" सांगत हिंडत होते. हात मिळवायला मिळालाच तर आठवडाभर तो धुवायचा नाही, अशा तयारीनं कित्येक जण उभे होते.

आता गंमत पाहा. १९८२ मध्ये बंगळुरूत 'कुली'च्या शूटिंगच्या वेळी बच्चनांच्या पोटाला मार बसला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. त्या धावपळीत त्यांना दोनेकशे दात्यांचं रक्त चढवलं गेलं. त्यातल्या एकाच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. पुढं कित्येक वर्षांनी साध्या तपासणीत ते उघड झालं, तोवर यकृताचा पाऊण हिस्सा कामातून गेला होता. ही कुजबुज नाही. बच्चन स्वतः व्यासपीठांवरून हे सांगत आलेत. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना हिपॅटायटिसविरोधी मोहिमेसाठी आग्नेय आशियाचे सदिच्छादूत नेमलं, तेही याच कारणानं.

एवढं सगळं जगजाहीर असताना नागपुरात एकानंही "सर, जरा लांब उभे राहा" म्हटलं नाही. गळ्यात पडायला मिळालं असतं तर लोक गळ्यातही पडले असते. आणि नागपूरकर अगदी बरोबर वागले. हात मिळवल्यानं, शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका ग्लासातून पाणी प्यायल्यानं हा विषाणू जात नाही. तो जातो रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जन्माच्या वेळी, दुसऱ्याची सुई किंवा ब्लेड वापरल्यानं. अख्ख्या शहरानं, न ठरवता का होईना, विज्ञानाला धरून वर्तन केलं.

मग सोमवार उजाडला आणि शहर ऑफिसात गेलं.

सिव्हिल लाइन्समधलं घ्या, सीताबर्डीतलं घ्या, मिहानमधलं काचेचं घ्या. कुठलंही ऑफिस चालेल. स्थापनादिनाचं निमित्त आहे, आरोग्य शिबिर भरलंय. सकाळी रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा मिळाला. चौथ्या दिवशी लॅबचा पोरगा रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन येतो आणि रिसेप्शनच्या टेबलावर सगळ्यांदेखत नावं पुकारत वाटत सुटतो. एका पाकिटाचा डिंक सुटलाय. ते पाकीट आपल्या बाबूचं. (नाव कशाला हवं? बाबू म्हणू.) कागदावर लाल शिक्का: ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह.

"काहून बे, याले ऑस्ट्रेलिया काहून लिवलं?"

"गेला असन कंपनीच्या पैशानं."

बाबू आयुष्यात भंडाऱ्याच्या पलीकडं गेलेला नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू पकडणारे बारूक ब्लूमबर्ग यांना १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्याची पहिली खूण सापडली, म्हणून ते नाव पडलं. पुढं १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन झाला. हे सगळं ऑफिसाला सांगणार कोण? ऑफिसात एक जाणकार असतोच, त्याची साळी मेयोत नर्स असते. तो चष्मा वर सरकवून निकाल देतो: "रक्ताचं असते ते. एड्ससारखं."

या वाक्यात चूक शोधून दाखवा. रक्ताचं आहे, खरं. एड्सच्या विषाणूसारखाच याचा मार्ग, तेही बरंचसं खरं. पण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्याही डोक्यात 'म्हणजे चहातून जात नाही' हा पुढचा अर्थ उतरला नाही. डोक्यात उतरला तो फक्त शेवटचा शब्द.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला चहा आला. सगळ्यांना नेहमीच्या काचेच्या ग्लासात, बाबूला कागदी कपात. बाबूनं चहावाल्या पोराकडं पाहिलं. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "वरून सांगतलं भाऊ. तुमाले याच्यातच द्या म्हणे." वरून म्हणजे कुठून, हे कधीच कळलं नाही. ज्या ऑफिसात पंख्याचा कंडेन्सर बदलायला तीन सह्या लागतात, तिथं हा फेरबदल एका रात्रीत, कागदाचा एक कपटाही न हलवता अमलात आला. प्रशासकीय गतिमानतेचा याहून मोठा पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

डब्याचं तर विचारू नका. बाबूच्या घरची पाटवडी म्हणजे दुपारच्या टेबलाची शान. रश्शासाठी लोक पोळी राखून ठेवत. आता मंगळवारी एकाचा उपास निघाला, बुधवारी दुसऱ्याचा, गुरुवारी तिघांचा. नागद्वारच्या यात्रेला जाणारेही इतके उपास धरत नाहीत. आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी, सातवा महिना लागलेली, तिची खुर्ची एचआरनं मोठ्या मायेनं बाबूपासून उचलली आणि वॉटर कूलरच्या बाजूला नेऊन ठेवली.

त्या कूलरकडं मी परत येणार आहे.

याच ऑफिसात हिशेब विभागात एक काका आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली होती. डोळे पिवळेधमक, भूक गेलेली. तेव्हा ऑफिस कसं वागलं, ते ऐका. पाच जण घरी भेटायला गेले, उसाचा रस घेऊन. एकानं कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. तो चुन्याच्या पाण्यानं हात धुवून देतो, पाणी पिवळं होतं आणि आजार वाहून गेला असं समजायचं. काका तीन आठवड्यांनी कामावर आले तेव्हा टाळ्या झाल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले आणि सगळ्यांनी ते खाल्ले. कुणाचाही उपास नव्हता.

काकांना झालेली कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची. पावसाळ्यातल्या काविळीचे नेहमीचे मानकरी हेच. आणि हेच ते विषाणू, जे खरोखर खाण्यापिण्यातून जातात! रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात, न धुतलेल्या हातातून अन्नात. डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या आठवडा-दोन आठवड्यांत माणूस सगळ्यांत जास्त विषाणू सोडत असतो. म्हणजे काका ज्या काळात सगळ्यांसोबत एका पुड्यातले दाणे खात होते, त्या काळात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ पसरली ती पाण्यातूनच. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो प्रताप ई विषाणूचा, हे पुढं कित्येक वर्षांनी ठरलं.

आता तो कूलर. त्याला पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून. टाकीचं झाकण एप्रिलच्या वादळात उडालं, त्याच्यावर वीट ठेवलेली होती ती तेवढी राहिली. ई विषाणू धडधाकट माणसाला सहसा तीन-चार आठवडे झोपवून सोडून देतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र त्यानं गाठलं तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. सातवा महिना लागलेल्या त्या मुलीला ऑफिसनं ज्याच्यापासून तिला काहीही धोका नव्हता त्या माणसापासून उचललं आणि नेमकं त्या कूलरशेजारी बसवलं. वर तिच्या सासूचा फोनही आला, साहेबांचे आभार मानायला.

ही अडाण्यांची गोष्ट आहे, असं वाटून निवांत होऊ नका. या ऑफिसात पदवीधर सगळे, एमबीए तिघे. 'जनजागृती कमी पडते' हे वाक्य आपल्याकडं कुठल्याही परिसंवादात चहाच्या आधी येतं. जागृती झाली की माणसं आपोआप नीट वागू लागतील, अशी त्यामागं भाबडी समजूत. तसं असतं तर डॉक्टर सगळ्यांत नीट वागले असते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी दोन विद्यार्थ्यांना आधी प्रवेश दिला आणि हिपॅटायटिस बी असल्याचं कळल्यावर तो अडवला. शेवटी २०१३ मध्ये तिथल्या न्याय खात्यानं अपंगांसंबंधीच्या कायद्याचा बडगा दाखवला तेव्हा समझोता झाला. विषाणूचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांची ही कथा. आपल्याकडच्या दवाखान्यांतही रुग्णाच्या फाइलीवर लाल पेनानं ठळक शेरा मारून ती सगळ्या वॉर्डाला दिसेल अशी टांगलेली असते. शेरा मारणाऱ्याला विषाणू कसा पसरतो, हे पाठ असतं.

म्हणजे माहिती आहे. फक्त ती कुणाच्या बाबतीत वापरायची, हे माणूस पाहून ठरतं. बच्चनांच्या बाबतीत शहराला सगळं विज्ञान आठवतं. हेच निदान उद्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांचं निघालं तर? कागदी कप निघेल का? मुळीच नाही. 'साहेबांची तब्येत जरा नाजूक आहे' असं सांगितलं जाईल, गणपतीला त्यांच्या नावानं अभिषेक होईल आणि त्यांच्या डब्यातली भाजी खायला मिळाली म्हणून दोघे जण घरी जाऊन बायकोला सांगतील. विषाणू तोच, रक्त तसंच. कंत्राटी बाबूच्या रक्ताला तेवढा जास्त वास येतो.

या भीतीचा हिशेबही एकदा मांडून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बी घेऊन जगणारे २ कोटी ९८ लाख, सीवाले ५५ लाख. बी म्हणजे साधारण पन्नासातला एक. दोनशे जणांच्या ऑफिसात सरासरीनं चार. आणि जगभरात बी असलेल्यांपैकी आपल्याला तो आहे हे ठाऊक असलेले जेमतेम १३ टक्के. तेव्हा राजेहो, तुमच्या ऑफिसात बाबूखेरीज आणखी दोघं-तिघं असणार आणि ते रोज तुमच्यासोबत काचेच्या ग्लासात चहा पीत असणार. कदाचित त्यातलाच एखादा 'वरून' असेल. बाबूचा गुन्हा एवढाच की त्यानं तपासणी करून घेतली. कागदी कप मिळतोय हे बघून पुढच्या शिबिरात कोण दंड पुढं करेल? त्या दिवशी रजेचे अर्ज मोजून पाहा.

याच ऑफिसातले कित्येक जण रविवारी चौकातल्या न्हाव्याकडं दाढी करतात. ब्लेड नवं काढलं की आधीच्याचंच अर्धं मोडून लावलं, हे मोबाइलमधून मान वर करून कुणी पाहत नाही. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकून राहतो. कुणी यात्रेत एकाच सुईनं दहा जणांसोबत गोंदवून घेतलेलं असतं. तापाला 'एक इंजेक्शन ठोकाच' असं डॉक्टरला आपणच सांगतो. सुई कुठली, हे विचारत नाही. शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात २००९ मध्ये हिपॅटायटिस बीनं कित्येक बळी घेतले आणि सारा संशय गेला तो पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांवर. चहाच्या कपानं मोडासात कुणी मेलं नाही.

खरी जोखीम पाहायची असेल तर धंतोली-रामदासपेठेत या, जिथं एका गल्लीत चार-चार दवाखाने आहेत. पहाटे कचरा उचलणारी कंत्राटी बाई पाहा. पिवळ्या पिशवीत टाकायची नसलेली सुई कुणीतरी पिवळ्या पिशवीत टाकलेली असते आणि ती हातमोज्यातून आरपार बोटात जाते. सुई हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची असली आणि बाईनं लस घेतलेली नसली, तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. तिला लस दिली होती का, हे विचारायला मात्र कुणी जात नाही. ती आजारी पडली तर दुसरी बाई येते.

कायदा काय म्हणतो? एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरी देताना एचआयव्हीची चाचणी सक्तीची करता येत नाही, लागण आहे म्हणून काढता येत नाही. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराच्या खटल्यात निकाल दिला होता: माणूस काम करायला सक्षम आहे आणि कामाच्या जागी इतरांना धोका नाही, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची रोजी हिरावता येणार नाही. कामगाराला खरं नाव लपवून न्यायालयात यावं लागलं. निकालात तो दोन अक्षरांचा आहे. हिपॅटायटिस बीला असा स्वतःचा कायदाच नाही. बाबूनं भांडायचं तर संविधानाचं बोट धरून उच्च न्यायालयात जायचं, कंत्राटी पगारावर. आखाती देशांत नोकरीला निघालेल्या मजुराचं तर वैद्यकीय तपासणीतच तिकीट फाटतं.

चीनमध्ये २००३ साली एका तरुणानं सरकारी नोकरीच्या परीक्षेत पहिला नंबर काढला आणि केवळ या विषाणूपायी त्याला नाकारलं. तो कोर्टात गेला, २००४ मध्ये त्याच्या बाजूनं निकाल लागला. पुढं २०१० मध्ये तिथल्या सरकारनं नोकरभरतीच्या तपासणीतून हिपॅटायटिस बीची चाचणीच काढून टाकायला लावली. जनतेचं ऐकण्याबद्दल ज्या देशाचा फारसा लौकिक नाही, त्यानं एवढं केलं. आपल्याकडं लोकशाही आहे, त्यामुळं कपाचा निर्णय चहावाल्याच्या पातळीवर होतो.

आणि औषधं आहेत, हा तर आणखी विनोद. सी बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बीला रोजच्या एका गोळीनं ताब्यात ठेवता येतं; सगळ्यांना ती लागतही नाही, काहींना नुसती नियमित तपासणी पुरते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि ही औषधं फुकट आहेत. बीवर लस आहे. देशभरातल्या बाळांना ती २०११ पासून सरकारी लसीकरणात मिळते. ऑफिसातले तुम्ही-आम्ही त्याच्या कितीतरी आधी जन्मलेले, म्हणजे बहुतेकांच्या अंगात ती गेलेलीच नाही. बाबूपासून तीन खुर्च्या लांब सरकलेल्यांपैकी किती जणांनी लस टोचून घेतली? विचारून पाहा. उत्तर माहीत असूनही विचारा.

नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत, म्हणत तिला मिरवायचं आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचं. ऑफिसानं हीच रीत उचलली आहे. फरक एवढाच की मारबत बांबू-कागदाची असते आणि ऑफिसला जिवंत माणूस लागतो. मारबतीच्या मागं बडगे म्हणजे पुतळे निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, कुणाकुणा पुढाऱ्यांचे. बडगे करणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे की यंदा एक बडग्या 'वरून' या साहेबांचा करावा. चेहरा द्यायची गरज नाही, तो कुणी पाहिलेला नाही. हातात कागदी कप दिला की इतवारी-महालातला प्रत्येक नोकरदार ओळखेल.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. तुमच्या ऑफिसच्या भरतीच्या तपासणीत एचबीएसएजी (बाबूच्या रिपोर्टातलं तेच ऑस्ट्रेलिया अँटिजेन) हा रकाना असेल तर तो कशासाठी, हे एचआरला लेखी विचारा. रिपोर्ट बंद पाकिटात आणि ज्याचा त्याच्याच हातात द्यायला सांगा. गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण पाहा. आणि लस घ्या: एक आज, एक महिन्यानं, एक सहा महिन्यांनी. बाबूच्या डब्यात उद्या पाटवडी आहे.